सिस्टरबाईंनी पुढे ढकललेला नाताळ

माझ्या सासूबाई आशीर्वाद देताना हात डोक्यावर ठेवत नसत, कपाळावर ठेवत. तोही उलटा. पाया पडणारा वाकून उठायच्या आत त्याला ताप आहे की नाही ते त्यांना कळलेलं असे. मग जीभ बघायच्या, आणि जीभ पसंत पडली की "सुखी राहा" म्हणायच्या. आमच्या लग्नात स्टेजवर, सगळ्या पाहुण्यांदेखत, फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" म्हणत असताना त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि माझ्या आईला म्हणाल्या, "रक्त कमी हाय पोरीच्या अंगात. काई खाऊ-पिऊ घालत नव्हते का वो तुमी?" माझी आई चंद्रपूरला मुख्याध्यापिका. तिला जन्मात असं कुणी बोललं नव्हतं. मी बौद्ध घरातली, ख्रिस्ती घरात निघाले होते, त्यावरून दोन्हीकडे कुरबुर होणार अशी सगळ्यांना धास्ती होती. कुरबुर झाली खरी, पण ती माझ्या हिमोग्लोबिनवरून.

आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलाला लागून आमच्या सासरचं गाव आहे. तिथं सासूबाईंना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टरबाई. गावात पूर्वी मिशनचा एक छोटा दवाखाना होता आणि त्यात त्यांनी नर्स म्हणून उभा जन्म काढला. दवाखाना केव्हाच बंद पडला, पण त्यांचा वार्ड काही बंद पडला नाही, तो घरी आला. जेवणाची वेळ ठरलेली, दिवे मालवायची ठरलेली, आणि पाहुणा कितीही घाईत असला तरी त्याला सुट्टी सिस्टरबाई देणार तेव्हाच. माझे सासरे, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, वनखात्याच्या लाकूड डेपोतून रिटायर झालेले. भले दांडगे ओंडके उलटेपालटे करवून घेणारा माणूस, पण घरात दुसऱ्यांदा चहा हवा असला की आधी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचा. "माह्या वार्डात हे चालत नाई," एवढं वाक्य आलं की विषय संपला.

माझं आणि त्यांचं वाजायचं. खोटं कशाला सांगू? मीही काही गरीब गाय नव्हे. जोएल झाला तेव्हा माझी आत्या कौतुकानं बाळ बघायला आली, तर यांनी तिच्या हातात दारातच साबण ठेवला. "पहिले हात धुवा. मंग लाड करा." आत्या इतकी चिडली की बाळ न बघताच परत निघाली होती, मी पाय धरून तिला आत आणलं. आत्या ती गोष्ट अजून सांगते आणि दर वेळी तो साबण थोडा मोठा होतो. त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, माणसं दुखावतात हो." त्या बाळाचे लंगोट उन्हात पसरत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "दुखावलेला मानूस बरा होते. पोराले इन्फेक्शन झालं त काय करतं?"

वर्षभर त्या कुणाकडे काही मागत नसत. एकच गोष्ट हक्कानं मागायच्या, नाताळ. दर नाताळाला आम्ही चंद्रपूरहून गावी गेलंच पाहिजे. माझा नवरा संजय वीज केंद्रात नोकरीला, त्याला सुट्टी मिळो न मिळो, ते त्यांना सांगायचं नाही. डिसेंबर लागला की बापू घराला चुना मारायचे, नवा तांदूळ कांडून आलेला असायचा, आणि करंज्यांचे डबे माळ्यावर चढायचे. एका वर्षी मी पोटुशी, डॉक्टरांनी गाडीचे धक्के नको म्हणून सांगितलेलं, तर त्या स्वतः एसटीनं आल्या, मला तपासलं, आणि "चाल, काई होत नाई" म्हणून शेजारी बसून हळूहळू घेऊन गेल्या. आष्टीपासून पुढे रस्ता खाणीच्या ट्रकांनी पार खाऊन टाकलाय. त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्यांनी माझ्या पोटाखाली आपला हात धरला होता.

तर अशा बाईंना रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरला औषधं चढली, केस गेले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्या घरी आल्या. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात, साधी सर्दीसुद्धा यांना महागात पडेल, गर्दीपासून आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. उपचार फार काळ पुरे पडतील असंही त्यांना वाटत नव्हतं. ते त्यांनी संजयला बाहेर बोलावून सांगितलं, पण नर्सला काय बाहेर नेऊन लपवणार? सासूबाईंनी संजयचं तोंड पाहिलं आणि बापूंना म्हणाल्या, "चला, घरी चला. नाताळ आला."

आम्ही दोघांनी ठरवलं की यंदा मुलांना न्यायचं नाही. जोएल पहिलीत, मीनू तीन वर्षांची. शाळेत आणि बालवाडीत सगळी पोरं शेंबडी. संजयनं फोन केला, मी स्पीकरवर ऐकत होते. "आई, यंदा मी एकटा येतो. पोरांना ईस्टरला आणतो." मग सासूबाई म्हणाल्या, "ईस्टरले मी राहीन का? तुले डॉक्टरनं काय सांगतलं ते मले माईत हाय." संजयनं फोन माझ्याकडे सरकवला. "पोरं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मले दोघाईले मांडीवर घ्यायचं हाय, एक डाव. पण येशीन त माह्या नियमानं येशीन." आणि फोन ठेवला.

मी त्या वेळी रडले. मग डोळे पुसले आणि बॅगा भरल्या. म्हटलं, ह्या बाईला एवढी एक गोष्ट द्यायची, मग काहीही होवो.

नियम दुसऱ्या दिवशी फोनवर आले. मुलांना आठवडाभर शाळा नाही, बाजार नाही, शेजारी खेळणं नाही. आम्ही सगळं पाळलं. निघायच्या सकाळी दोन्ही पोरं टणटणीत होती, माकडांसारखी उड्या मारत गाडीत चढली. आणि गोंडपिपरीच्या पुढे जोएल गप्प झाला. जोएल गप्प होणं म्हणजे काहीतरी गडबड. मी कपाळाला हात लावला, तर चटका. आष्टीला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. परत फिरायचं तर आत्ताच. संजय म्हणाला, "तूच कर फोन. मले नाई होत."

मी सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी विचारलं, "खोकला हाय का? अंगावर पुरळ? पाणी पिऊन राह्यला का?" मी उत्तरं दिली. "गाडी वापस नोको नेऊ," त्या म्हणाल्या. "आजारी लेकरू घेऊन येवढा रस्ता उलटा काऊन हिंडवतं? ये. मी वार्ड लावतो."

आम्ही पोचलो तेव्हा वार्ड लागलेला होता. अंगणाच्या मधोमध, विहिरीपासून फाटकापर्यंत, ओल्या चुन्याची जाड पांढरी रेघ. घराला चुना मारून बादलीत उरला होता, तो बापूंनी ओतला होता. रेघेच्या अलीकडे अंगणातली सुटी खोली, जिथं एरवी धानाची पोती असतात. ती झाडून, पुसून, दोन खाटा टाकून तयार. रेघेच्या पलीकडे मूळ घर, आणि त्याच्या दारात लाकडी खुर्चीवर सासूबाई. डोक्याला रुमाल, अंगावर शाल, तोंडाला मास्क. इतक्या वाळल्या होत्या की मी क्षणभर ओळखलंच नाही. आवाज मात्र तोच होता. "सुजाता, तू आनि पोरं त्या बाजूनं. बापू अन् मी ह्या बाजूनं. संज्या, तू एक बाजू धर. दोनीकडे ये-जा माह्या वार्डात चालत नाई."

संजय रेघेवर उभा राहिला. एकीकडे तापलेलं पोर, एकीकडे आई. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा तिकडे. मला काय विचारतोस?" गेला. वा रे वा, म्हणजे दोन पोरं घेऊन मी एकटी पोत्यांच्या खोलीत आणि राजपुत्र आईजवळ! पण खरं सांगते, तो विहिरीवर अंघोळ करून, मास्क बांधून आईच्या पायाशी बसला ते बघून मला बरं वाटलं.

मीनूला रेघ कळेना. आजी समोर दिसतेय आणि जायचं नाही, हा काय प्रकार? ती धावत निघाली की पलीकडून गर्जना व्हायची, "मीनू! रेघ!" आणि ती जागच्या जागी भोकाड पसरायची. तिचं रडणं ऐकून सासूबाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसायच्या, पण मागे हटल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ त्यांचा राउंड असे. खुर्ची दाराबाहेर यायची आणि अंगणापलीकडून चौकशी सुरू. ताप किती, लघवीचा रंग काय, भात खाल्ला का. अख्ख्या गल्लीला माझ्या पोरांच्या पोटाची बित्तंबातमी. मग त्या गोष्ट सांगायच्या. आवाज पुरेना झाला की बापू मधली वाक्यं मोठ्यानं पुन्हा म्हणायचे. जंगलातल्या अस्वलाची गोष्ट बापूंच्या तोंडून इतकी गरीब व्हायची की जोएल तापातही हसायचा.

नाताळच्या आदल्या सकाळी आणखी एक गंमत झाली. शेजारच्या कांताबाई मुगाचे वडे घेऊन आल्या. फाटकातून रेघ दिसली, तशा थबकल्या, चपला काढल्या, आणि घरी जाऊन झेंडूची फुलं घेऊन आल्या. रेघेवर थोड्या थोड्या अंतरानं फुलं ठेवली, हात जोडले. मी खिडकीतून बघतेय. म्हटलं, "कांताबाई, हे काय?" तर त्या म्हणाल्या, "तुमच्या नाताळात यंदा नवीन निंगालं वाटते. बरं दिसते." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे सुजाता. कांताबाई, छान झालं. पन रेघ नोका ओलांडू, वडे तिथंच ठेवा." संध्याकाळी गाणी म्हणत फिरणारी चर्चची पोरं ढोलक घेऊन आली, तीही फुलं बघून रेघेपाशीच ओळीनं उभी राहिली आणि तिथूनच गायली. दुसऱ्या दिवशी बघतो तर समोरच्या दोन घरांच्या अंगणात चुन्याच्या रेघा! बापूंना इतकं हसू आलं की त्यांना विहिरीच्या कठड्यावर बसावं लागलं.

नाताळच्या सकाळी जोएलचा ताप उतरला आणि मीनूला चढला. आता काय करायचं? संजयची सुट्टी संपत आली होती. मी खोलीच्या दारात उभी राहून थर्मामीटर वर धरला. पलीकडे कोंबडीचा रस्सा शिजत होता, चर्चची घंटा झाली होती, बापू कोट घालून तयार होते. सासूबाई म्हणाल्या, "बापू, डबे उतरवू नोका. चूल बंद करा."

"काऊन?"

"नाताळ पुढे ढकलला."

बापू कधी नव्हे ते बोलले. "अवो, येशूचा जन्म पुढे ढकलता येते का?"

"त्याले काई घाई नाई," सासूबाई म्हणाल्या. "त्याचे मायबाप बी प्रवासातच होते. त्याईले बी लोकाच्या गोठ्यातच राहा लागलं. त्याले समजते." मग संजयकडे वळल्या. "सायबाले फोन कर. सांग, आईनं सुट्टी नाई देल्ली."

संजयनं फोन केला. त्या साहेबाचं भलं होवो, त्यानं सुट्टी वाढवून दिली. दुपारी चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, तेही रेघेबाहेर उभे राहिले. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, दारावरच्या आकाशकंदिलाकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टरबाई, मग तुमचा नाताळ कधी?" त्या म्हणाल्या, "दोनी लेकरं सुधरले की. तुमी या." रस्सा बापूंनी शेजारी वाटून टाकला. आम्ही सगळ्यांनी वरण-भात खाल्ला.

नवीन वर्ष लागलं. गल्लीतले कंदील उतरले, आमचा तेवढा लोंबत राहिला. ताप गेल्यावरही त्यांनी लगेच रेघ पुसू दिली नाही. पोरांचा खोकला पुरता थांबायला हवा होता. मी वैतागले होते. पोत्यांच्या खोलीत उंदीर, अंगाला धानाचा कोंडा, आणि पलीकडे त्या दिवसेंदिवस उतरत चाललेल्या. खुर्चीत बसणं त्यांना जड जात होतं, ते मला दिसत होतं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आई, पुरे आता. घ्या जवळ. काही होत नाही." त्या म्हणाल्या, "सुजाता, मले घाई नाई का? पन लेकरापासून मले काई झालं, त त्या लेकरानं जलमभर काय करावं?" त्यानंतर मी घाई केली नाही.

या सगळ्यात मीनू मात्र बदलली होती. तिचं रडणं थांबलं होतं. ती रेघेची पहारेकरीण झाली होती. कोंबडी पलीकडे निघाली की ही धावत जाऊन तिला हुसकायची. "कोंबडे, रेघ! आजीला ताप येईल!" शेजारचं कुत्रं आलं, त्याला तेच. जोएलचा चेंडू एकदा पलीकडे गेला, तर हिनं त्याला असा काही दम भरला की सासूबाई मास्कच्या आत हसल्या. "हे माही," त्या म्हणाल्या. "हे माह्या वार्डात चालन."

शेवटी एका सकाळी राउंड झाला. त्यांनी दोघांची चौकशी केली, मला उलटसुलट विचारलं, आणि जाहीर केलं, "सुट्टी. नाताळ आज." बापूंनी विहिरीतून पाणी शेंदून रेघ धुतली, झाडूनं घासली. डबे उतरले. कंदील दिवसाच लागला. संजय आईला धरून बाहेर आला आणि तिला खुर्चीत बसवलं. जोएल बाण सुटावा तसा गेला आणि आजीच्या मांडीवर जाऊन पडला. तिनं त्याला असा आवळला की तो "आजी, हळू" म्हणाला.

मीनू जागची हलली नाही.

रेघ होती बरोबर त्या जागी ती उभी राहिली, हात पाठीमागे. सासूबाईंनी मास्क काढला. "ये मीनू." मीनूनं मान हलवली. "नको. तुला ताप येईल." सासूबाई हसल्या. "आता रेघ नाई ना गे माय. ये." तरी नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग अजून एकदा, आणि हसू हळूहळू उतरत गेलं. ज्या बाईच्या एका शब्दावर अख्खं गाव हात धुवायचं, ती तीन वर्षांच्या पोरीला "ये ना, ये ना वो" म्हणत होती, आणि पोर ओठ मुडपून मागे मागे सरकत होती. संजय उठला, पोरीला उचलून मांडीवर ठेवायला.

"उचलू नोको तिले," सासूबाई म्हणाल्या. "जबरदस्ती नाई."

जोएलला त्यांनी खाली उतरवलं. खुर्चीचे हात धरून उठल्या आणि उभं राहायच्या ऐवजी खाली जमिनीवर बसल्या. मी पुढे झाले, तर मलाही हातानं थांबवलं. मग ओल्या अंगणातून, बसल्या बसल्या, दोन्ही हात टेकत त्या मीनूकडे सरकू लागल्या. थोडं सरकायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा सरकायच्या. साडी चिखलानं माखली. बापू तोंडावर उपरणं धरून उभे होते. मीनू टक लावून बघत होती. ती मागे सरकली नाही.

हातभर अंतरावर त्या थांबल्या. मीनूनं विचारलं, "तुला ताप येईल ना?"

सासूबाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "येईन त येऊ दे. तू ये."

आणि मीनू गेली. हात पाठीमागेच ठेवून गेली आणि तशीच आजीच्या मांडीत बसली. मग सासूबाईंनीच ते हात सोडवून आपल्या गळ्याभोवती घातले. आम्ही जेवायला बसलो, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, कांताबाई करंज्या खाऊन गेल्या, तरी ती पोर तिथून उठली नाही आणि त्यांनीही उठवली नाही.

आम्ही निघालो तेव्हा त्यांना काही झालेलं नव्हतं. नंतर उन्हाळ्यात रोगानंच डोकं वर काढलं, आणि पाऊस लागायच्या आत त्या गेल्या. माणसं अजून मला विचारतात, एवढ्या आजारी बाईकडे तापातली पोरं घेऊन तुम्ही गेलातच कशा? मी सांगते, गेले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. मला सासूबाईंची आठवण रोज येते, अगदी पोरांची जीभ बघतानाही येते, आणि राग येतो की एवढी भांडायला चांगली बाई इतक्या लवकर गेली.

मीनू आता दुसरीत आहे. तिला ताप आठवत नाही, चुना आठवत नाही, पोत्यांची खोली आठवत नाही. परवा तिला बाईंनी वर्गात विचारलं, तुझी आजी कशी होती? ती म्हणाली, "माझ्या आजीला चालता येत नव्हतं, तरी ती माझ्याकडे आली."